ढालीच्या आतली नक्षी : ग्रॅनाडाच्या स्वारांची चामडी ढाल

व्हिएन्नाच्या शाही शस्त्रसंग्रहात पंधराव्या शतकाच्या अखेरीची एक चामडी ढाल आहे. ती दक्षिण स्पेनमधल्या ग्रॅनाडाची. आकार रुंद बदामासारखा, वर आणि खाली मधोमध खाच. समोरून पाहिली तर ती देखणी आहे, पण फार वेळ खिळवून ठेवत नाही. ती उलटवली की मात्र नजर हटत नाही. आतल्या बाजूला, जिथे स्वाराचा हात आणि मूठ टेकायची, तिथे रंगीत रेशमाचं बारीक भरतकाम आहे. गुंतत जाणाऱ्या पट्ट्या, वेलबुट्टी, टाक्यांची शिस्त, सगळं राजवाड्याच्या भिंतीवर शोभेल असं.

म्हणजे शत्रूला दिसणारी बाजू साधी आणि बाळगणाऱ्याला दिसणारी बाजू श्रीमंत. युरोपातल्या त्या काळच्या सरदारी ढाली आठवा. त्यांच्यावर घराण्याचं चिन्ह ठसठशीत रंगवलेलं असायचं आणि ते समोरच्याने वाचावं हाच हेतू असायचा. ग्रॅनाडाच्या या ढालीवर कारागिराने आपली सगळी कला आतल्या बाजूला ओतली आहे. असं का, हे समजून घ्यायचं तर सुरुवात सहारा वाळवंटातून करावी लागते.

त्याआधी, ही ढाल ज्यांची ते ‘मूर’ कोण, हे स्पष्ट केलेलं बरं. मूर नावाची एक जात किंवा एक वंश कधीच नव्हता. इ. स. ७११ मध्ये उत्तर आफ्रिकेतून मुस्लिम सैन्य जिब्राल्टरची सामुद्रधुनी ओलांडून आजच्या स्पेन-पोर्तुगालमध्ये उतरलं. त्यात थोडे अरब होते, बरेचसे बर्बर होते, म्हणजे मोरोक्को-अल्जीरियाकडचे मूळ रहिवासी. पुढच्या शतकांत स्थानिक लोकांनीही मोठ्या संख्येने इस्लाम स्वीकारला. या सगळ्यांना मिळून ख्रिस्ती स्पेन ‘मूर’ म्हणत असे. त्यांच्या ताब्यातल्या प्रदेशाला अरबीत अल-अंदलुस म्हणत. हा प्रदेश हळूहळू आकसत गेला आणि तेराव्या शतकाच्या मध्यानंतर फक्त ग्रॅनाडाचं राज्य उरलं. नासरी घराण्याने ते २ जानेवारी १४९२ पर्यंत टिकवलं. अल्हम्ब्रा हा जगप्रसिद्ध राजवाडा त्यांचाच.

आता ढालीकडे. अरबीत तिला ‘दरका’ म्हणत, स्पॅनिशमध्ये ‘अदार्गा’. आणि उत्तम दरका म्हणजे ‘लम्ती’ दरका, हे मोरोक्कोपासून ग्रॅनाडापर्यंत प्रत्येक स्वाराला ठाऊक होतं. लम्त हा सहारातला एक मोठा हरीणवर्गीय प्राणी. अभ्यासक त्याला आजचा ओरिक्स मानतात. पांढरट अंग, मानेवर तांबूस छटा, मागे वळलेली लांबलचक शिंगं, आणि ही शिंगं नर-मादी दोघांनाही असतात.

अल-बक्री हा अंदलुसी भूगोलकार अकराव्या शतकात लिहितो की सर्वांत चांगल्या आणि सर्वांत महाग ढाली म्हाताऱ्या माद्यांच्या कातड्याच्या होतात, ज्यांची शिंगं वयामुळे इतकी वाढलेली असतात की नराला जवळ येता येत नाही. या तपशिलाची सत्यता कुणी तपासली असेल असं नाही. पण बाजारात माल पारखणारे लोक कसं बोलत असतील ते यातून ऐकू येतं. कातडं कोणत्या जनावराचं एवढ्यावर त्यांचं भागत नव्हतं. जनावराचं वय काय, नर की मादी, इथपर्यंत चौकशी होत होती.

या ढाली बनवण्याचं ठिकाणही ठरलेलं होतं. मोरोक्कोच्या दक्षिणेला, वाळवंटाच्या तोंडाशी ‘नूल’ नावाचं गाव होतं. लम्ता या बर्बर टोळीचं म्हणून त्याला नूल लम्ता म्हणत. बाराव्या शतकातला अल-इद्रीसी, ज्याने सिसिलीच्या राजासाठी जगाचा नकाशा केला, तो सांगतो की इथल्या ढालींपेक्षा चांगली ढाल कुठे होत नाही, ती मजबूत असते आणि बाळगायला हलकी, म्हणून मगरिबचे, म्हणजे वायव्य आफ्रिकेचे लोक लढाईत तीच वापरतात. मजबूत आणि हलकी, हे दोन शब्द लक्षात ठेवायला हवेत. पुढची सगळी गोष्ट त्यांच्याभोवती फिरते.

कातडं तलवार कसं अडवतं? लाकूड चिरतं ते त्याच्या रेषेच्या दिशेने. नेमक्या जागी घाव बसला की फळी दुभंगते. कातड्याला अशी एकच दिशा नसते. त्यातले कोलॅजेन या प्रथिनाचे तंतू घोंगडीच्या नमद्यासारखे सगळीकडून एकमेकांत गुंतलेले असतात. त्यामुळे चीर पडली तरी ती धावत जात नाही, तिथल्या तिथे थांबते. शिवाय जाड कातडं किंचित दबतं आणि घावाचा जोर वाटून घेतं. तलवारीची धार आत थोडी रुतून अडकू शकते, आणि शत्रूचं पातं क्षणभर अडकलं तर स्वाराला तेवढा क्षण पुरतो.

कातडं कसं कमावायचं यावर ढालीचा जीव अवलंबून असे. नुसतं वाळवलेलं कच्चं कातडं शिंगासारखं टणक होतं, पण पाऊस लागला की लिबलिबीत होतं आणि फार सुकलं की तडकतं. पूर्ण कमावलेलं कातडं मऊ राहतं, पण घाव अडवायला कमी पडतं. ढालीला या दोन्हींच्या मधलं काहीतरी हवं. दहाव्या शतकाच्या आरंभी इब्न अल-फकीह हा भूगोलकार लिहितो की लम्ती ढालींसाठीचं कातडं वर्षभर दुधात भिजवतात आणि मग त्यावर तलवार चालत नाही. इतर लेखकांनी शहामृगाच्या अंड्यांच्या टरफलांचाही उल्लेख केला आहे. ऐकायला हे चमत्कारिक वाटतं, पण कातडं कमावणाऱ्याला यात अशक्य काही दिसणार नाही. दूध आंबतं, त्याच्या आम्लाने तंतू सैल होतात, मग त्यातला स्निग्धांश आत मुरतो. जगात अनेक ठिकाणी कातडं कमावायला चरबी, मेंदू, लोणी वापरत आले आहेत. ‘वर्षभर’ हा आकडा कदाचित विक्रेत्याच्या तोंडचा असेल, प्रक्रिया मात्र खरी वाटते.

अशी ढाल म्हणजे फक्त शस्त्र नव्हतं, ती राजाला द्यायची भेटही होती. दहाव्या शतकाच्या अखेरीस मोरोक्कोतल्या झनाता या बर्बर टोळीचा सरदार झिरी इब्न अतिया याने कोर्दोबाचा सत्ताधारी अल-मन्सूर याला नजराणा पाठवला. चौदाव्या शतकात मोरोक्कोतल्या फेझ शहरात लिहिलेल्या इतिहासात त्याची यादी आहे. त्यात दोनशे घोडे, पन्नास वेगवान सांडण्या आणि लम्तच्या कातड्याच्या हजार ढाली आहेत. घोड्यांच्या आणि सांडण्यांच्या पंक्तीला ढाल बसावी, यातच तिची किंमत कळते.

रणांगणावरचा तिचा सर्वांत गाजलेला प्रसंग २३ ऑक्टोबर १०८६ चा. स्पेनमधल्या झल्लाकाच्या लढाईत मुराबित या बर्बर घराण्याचा सुलतान यूसुफ इब्न ताशफीन आफ्रिकेतून सैन्य घेऊन आला आणि कास्तील या ख्रिस्ती राज्याचा राजा सहावा आल्फोन्सो याचा त्याने दणदणीत पराभव केला. अरबी वृत्तांत सांगतात की शेवटच्या टप्प्यात यूसुफने आपल्या काळ्या अंगरक्षकांना घोड्यांवरून उतरून पुढे जायला सांगितलं. त्यांच्या हातात लम्ती ढाली होत्या आणि हिंदी तलवारी. आल्फोन्सो मांडीला जखम घेऊन कसाबसा निसटला. ‘हिंदी’ तलवार ही अरबी जगात उत्तम पोलादाची ओळख होती. आपल्याकडचं पोलाद समुद्रमार्गाने आणि काफिल्यांतून पश्चिमेला जात असे. सहारातलं कातडं आणि हिंदुस्थानी पोलादाची कीर्ती एकाच सैनिकाच्या दोन हातांत येऊन भेटली, हे चित्र मला फार बोलकं वाटतं.

पण या ढालीचा खरा सुवर्णकाळ पुढचा, ग्रॅनाडाचा.

ग्रॅनाडाचा वजीर, कवी आणि इतिहासकार इब्न अल-खतीब (१३१३–१३७४) याने आपल्या राज्याच्या सैन्याचं वर्णन करताना एक महत्त्वाची नोंद केली आहे. तो म्हणतो, पूर्वी आमचे लोक शेजारच्या ख्रिस्ती सैनिकांसारखाच सरंजाम वापरत. लांब चिलखतं, गळ्यात अडकवलेल्या ढाली, जाड शिरस्त्राणं, रुंद पात्यांचे भाले. आता त्यांनी ते सोडलं आहे आणि आखूड चिलखतं, हलकी शिरस्त्राणं, अरबी खोगिरं, लम्ती ढाली आणि सडपातळ भाले घेतले आहेत.

एका छोट्या राज्याने समजूनउमजून केलेला हा बदल आहे. कास्तीलचं राज्य मोठं होतं, त्याच्याकडे माणसं जास्त, लोखंड जास्त, दांडगे घोडे जास्त. तशाच वजनदार पद्धतीने त्याच्याशी समोरासमोर भिडणं म्हणजे आपल्या कमतरतेवर लढाई खेळणं. मोरोक्कोहून ग्रॅनाडाच्या मदतीला आलेले झनाता स्वार वेगळ्या पद्धतीने लढत. आखूड रिकिबी, गुडघे दुमडलेले, चपळ घोडे. रिकीब आखूड असली की स्वार रिकिबीत उभा राहू शकतो, कंबरेतून वळू शकतो, धावत्या घोड्यावरून मागे फिरून भाला फेकू शकतो. ते चालून येत, भाले टाकत आणि पळ काढत. शत्रू पाठलागाला लागून विस्कळीत झाला की अचानक उलटून पडत. कास्तीलचा डॉन हुआन मानुएल (१२८२–१३४८) हा राजघराण्यातला लेखक मूर स्वारांच्या विरुद्धच लढला होता, पण त्यांच्या या कसबाचं त्याने मोकळ्या मनाने कौतुक केलं आहे. मराठी वाचकाला ही युद्धनीती वेगळी समजावून सांगायला नको.

अशा लढाईत लाकडाची, लोखंडी पट्ट्यांची जड ढाल कामाची नाही. हल्ला करताना ढाल पुढे, पळताना तीच झटक्यात पाठीकडे, वळताना बगलेला. हात सतत हलतो. म्हणून ती हलकी हवी आणि तरीही कमरेपासून हनुवटीपर्यंत अंग झाकण्याइतकी मोठी हवी. हे दोन्ही एका वेळी फक्त कातड्यात जमतं.

तिचा आकारही यातून समजतो. दोन लंबगोल एकमेकांवर अर्धे सरकवले की जी आकृती होते ती अदार्गाची. कातड्याचे थर एकमेकांवर शिवून ती जाड केलेली असे. मधोमध उभी शिवण किंवा घडी, आणि तिच्या दोन टोकांना वर-खाली खाच. मध्यभागी आतून चामड्याचे दोन पट्टे. ते मुठीत एकत्र धरायचे, किंवा एकात हात घालून दुसरा मुठीत पकडायचा. हाताची हाडं आणि ढाल यांच्यामध्ये भरीव मऊ गादी, घावाचा हादरा हाताला बसू नये म्हणून. पट्ट्यांची टोकं ढालीतून आरपार काढून पक्की केलेली असत, आणि बाहेरच्या अंगाला रेशमी किंवा चामडी गोंडे लोंबत.

आपल्याकडच्या मराठी ढाली ज्यांनी संग्रहालयात जवळून पाहिल्या आहेत त्यांना ही रचना ओळखीची वाटेल. गेंड्याच्या किंवा म्हशीच्या कातड्याची गोल ढाल, पाठीवर धातूची चार फुलं, त्या फुलांच्या कड्या आत आणि कड्यांत ओवलेले पट्टे, मध्ये बोटांखाली गादी. या दोन ढालींमध्ये कुठला धागा जोडलेला आहे असं मी म्हणत नाही. घोड्यावरचा माणूस आणि जाड कातडं यांची गाठ पडली की पट्टा कुठे पक्का करायचा, हात कसा वाचवायचा, हेच प्रश्न उभे राहतात, आणि कारागीर त्यांची सारखीच उत्तरं काढतात.

आता नक्षीकडे येऊ. माझ्या दृष्टीने या ढालीचं मर्म तिथे आहे.

बाहेरून ग्रॅनाडाची ढाल कातड्याच्याच फिकट रंगात किंवा एका रंगात रंगवलेली असे. शिवणीच्या रेषा, गोंडे, कधी धातूचे छोटे जडाव, एवढाच शृंगार. घोडा दौडू लागला की गोंडे उडत. तेराव्या शतकात कास्तीलचा राजा दहावा आल्फोन्सो याच्या दरबारात तयार झालेल्या सचित्र हस्तलिखितांत मूर स्वार दिसतात, तिथे हे गोंडे चित्रकाराने आवर्जून काढले आहेत. ख्रिस्ती चित्रकाराला लांबून मूर स्वार ओळखू यायचा तो फेट्यावरून आणि या गोंडेदार ढालीवरून.

आत मात्र दुसरं जग. पट्टे आणि गादी यांच्याभोवतीचा भाग मऊ कातड्याने मढवलेला आणि त्यावर रेशमाचं, कधी सोन्या-चांदीच्या तारेचं भरतकाम. नक्षीची भाषा तीच, जी अल्हम्ब्राच्या भिंतींवर आहे. आठ टोकांच्या चांदण्यांमधून निघून वर-खाली गुंफत जाणाऱ्या रेषांची जाळी. पानं आणि कळ्या यांची न संपणारी वेल. सुलेखनाच्या पट्ट्या. नासरी घराण्याचं ब्रीद होतं ‘व ला गालिब इल्ला अल्लाह’, म्हणजे ईश्वराखेरीज कुणी विजयी नाही. अल्हम्ब्राच्या भिंतींवर हे वाक्य शेकडो ठिकाणी कोरलेलं आहे, आणि ग्रॅनाडाच्या रेशमी कापडांवर, नाण्यांवर, शस्त्रांवरही ते येतं. भिंतीवरचा गिलावा, फरशी, कापड, तलवारीची मूठ, ढाल, सगळीकडे एकच नक्षी वावरते. पदार्थ बदलला तरी हात एकाच परंपरेत तयार झालेले.

कातड्यावर भरतकाम करणं कापडासारखं सोपं नाही. सुई चुकली तर कापडात टाका उसवता येतो, कातड्यात भोक कायमचं राहतं. म्हणून आधी आराने नेमक्या जागी बारीक भोकं पाडून घ्यायची, मग धागा. धातूची तार आरपार ओढली तर तुटते, म्हणून ती वरच मांडून बारीक टाक्यांनी बसवायची. हे काम करणारे लोक एकट्या ढालीवर जगत नव्हते. तलवारीचे पट्टे, खोगिरं, लगाम, बूट, थैल्या हा सगळा त्यांचा व्यवसाय. १४८३ मध्ये लुसेनाच्या लढाईत ग्रॅनाडाचा शेवटचा सुलतान बोआब्दिल पकडला गेला. त्याच्याशी जोडली जाणारी तलवार आणि वस्त्रं आज तोलेदोच्या लष्करी संग्रहालयात आहेत. ती पाहिली की कळतं, ग्रॅनाडाच्या कारागिराला लढाईची वस्तू आणि सणाची वस्तू यांत भेद करायचा नव्हता.

मग नक्षी आत का? याचं एक उत्तर व्यवहाराचं आहे. बाहेरची बाजू घाव खाणार, चिखल खाणार, तिथे रेशीम टिकणार नाही. आतली बाजू सुरक्षित. पण हे उत्तर मला अपुरं वाटतं, कारण तसंच असतं तर आतली बाजूही साधी ठेवून चाललं असतं. नासरी कलेत एक सवय सतत दिसते. अल्हम्ब्रा बाहेरून पाहिला तर तांबूस मातीच्या उघड्याबोडक्या भिंती आणि बुरूज आहेत. टेकडीखालून पाहणाऱ्याला आतल्या सौंदर्याची कल्पनाही येत नाही. दारं ओलांडून आत गेलं की एकेक चौक उलगडत जातो. बाहेर ताकद, आत सौंदर्य, आणि ते सौंदर्य आत राहणाऱ्यासाठी. ढालही त्याच विचाराने बनलेली आहे असं मी मानतो. ती ज्याने हातात धरली आहे, त्याच्या छातीसमोर वीतभर अंतरावर ही नक्षी असते. लढाईच्या गदारोळात दुसऱ्या कुणालाही ती दिसत नाही.

अल्हम्ब्रातच या ढालीचं एक चित्र आहे, आणि ते चित्रसुद्धा कातड्यावर काढलेलं आहे. सिंहांच्या चौकालगतच्या ‘राजांच्या दालना’त तीन लांबट घुमटाकार छतं आहेत. पाचव्या मुहम्मदच्या काळात, चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात, लाकडी छतावर कातडं ताणून बसवलं, त्यावर पांढरा थर दिला आणि मग रंगकाम केलं. मधल्या छतावर दहा अरब मानकरी बसले आहेत. बाजूच्या छतांवर शिकार, किल्ले, स्त्रिया आणि द्वंद्व. एका ठिकाणी मूर स्वार भाला रोखून ख्रिस्ती सरदाराला घोड्यावरून पाडतो आहे. त्याच्या हातात अदार्गा आहे. चित्राची शैली मात्र युरोपीय राजदरबारांतली, गॉथिक वळणाची. इस्लामी राजवाड्यात माणसांची चित्रं कशी, असा प्रश्न अनेकांना पडतो. सीमेवरच्या या राज्याचा शेजाऱ्यांशी संबंध फक्त वैराचा नव्हता, एवढं ध्यानात घेतलं की ते नवल वाटत नाही. कास्तीलचा राजा पेद्रो हा पाचव्या मुहम्मदचा मित्र होता. गादी गमावलेल्या मुहम्मदला १३६२ मध्ये ती परत मिळाली त्यात पेद्रोचा मोठा हात होता, आणि सेव्हिलमधला आपला राजवाडा पेद्रोने मुस्लिम कारागिरांच्या शैलीतच बांधून घेतला.

ढालीनेही हीच सीमा ओलांडली. पंधराव्या शतकात कास्तीलचे सरदार स्वतःच आखूड रिकिबीवर बसायला शिकले. या पद्धतीला ते ‘ला जिनेता’ म्हणत, झनाता टोळीच्या नावावरून. राजा चौथा एन्रीके (कारकीर्द १४५४–१४७४) मूर पद्धतीने घोड्यावर बसतो, मूर पद्धतीचे कपडे घालतो, मूर अंगरक्षक बाळगतो, याबद्दल त्याच्यावर टीका झाली. पण सरदारांची फौज त्याच वाटेने चालली होती. ग्रॅनाडाच्या शेवटच्या युद्धात दोन्ही बाजूंच्या हलक्या स्वारांच्या हातात अदार्गा होती. तोलेदोच्या कॅथेड्रलमध्ये गायकवृंदाच्या खालच्या रांगेतल्या ५४ आसनांवर रोद्रिगो आलेमान या शिल्पकाराने १४८९ ते १४९५ दरम्यान या युद्धाचे प्रसंग लाकडात कोरले. युद्ध चालू असतानाच त्याचं काम सुरू झालं होतं. एकेक किल्ला, एकेक शरणागती. त्यात स्वारांच्या हातांतल्या ढाली पाहत गेलं तर हे शस्त्र किती सर्रास झालं होतं ते दिसतं.

उत्तम माल मात्र अजूनही आफ्रिकेतून येत होता, आता फेझमधून. अल-हसन अल-वझ्झान याचा जन्म ग्रॅनाडाचा. कुटुंब फेझला गेलं, पुढे १५१८ मध्ये चाच्यांनी त्याला पकडून पोपला नजर केलं. युरोपात तो लिओ आफ्रिकानुस म्हणून ओळखला जातो. त्याने आफ्रिकेचं जे वर्णन लिहिलं ते १५५० मध्ये व्हेनिसला छापलं गेलं. त्यात लम्तचा परिच्छेद आहे. बैलासारखा पण सडपातळ पायांचा, पांढऱ्या रंगाचा, अतिशय वेगवान प्राणी, आणि त्याच्या कातड्याच्या ढालीला बंदुकीच्या गोळीखेरीज काही भेदू शकत नाही, पण ती फार महाग पडते.

‘बंदुकीच्या गोळीखेरीज’ या दोन शब्दांत ढालीचा शेवट लिहिलेला होता. लम्तचाही. वर ज्या प्राण्याचं वर्णन आलं तो वळणदार शिंगांचा ओरिक्स सहाराच्या काठाने लाखोंच्या संख्येने हिंडत असे. विसाव्या शतकातली बेसुमार शिकार, चराईचा ताण आणि दुष्काळ यांनी तो संपला आणि २००० साली निसर्गातून नामशेष झाल्याचं जाहीर करावं लागलं. प्राणिसंग्रहालयांत जगलेल्या कळपांतून २०१६ पासून त्याला चाडमधल्या अभयारण्यात पुन्हा सोडायला सुरुवात झाली. तिथे तो पिल्लं घालू लागला आणि २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय लाल यादीत तो ‘निसर्गातून नामशेष’ या वर्गातून ‘संकटग्रस्त’ या वर्गात आला. ढालीच्या इतिहासात ही बातमी सांगायची संधी मिळते याचा मला खरोखर आनंद आहे.

युद्धातून बाहेर पडलेली अदार्गा खेळात शिरली. स्पेनमध्ये ‘वेताच्या भाल्यांचा खेळ’ फार लोकप्रिय होता. स्वारांच्या तुकड्या मैदानात समोरासमोर येत, एक तुकडी दौडत जाऊन वेत फेके आणि उलट फिरे, दुसरी पाठलाग करे, आणि पळणारे पाठीवर अदार्गा घेऊन वेत अडवत. झनाता स्वारांची चाल जशीच्या तशी, फक्त भाल्याऐवजी वेत. सरदारांचे पोशाखही मूर पद्धतीचे. मूरांना देशाबाहेर घालवल्यानंतरही हा खेळ चालूच राहिला. २१ ऑगस्ट १६२३ रोजी माद्रिदच्या प्लासा मायोर चौकात इंग्लंडचा युवराज चार्ल्स याच्या सन्मानार्थ असा खेळ झाला आणि त्यात राजा चौथा फिलिप स्वतः उतरला. या काळात ढालीची नक्षी बाहेर आली. स्पॅनिश सरदारांनी तिच्या दर्शनी बाजूवर घराण्यांची चिन्हं, ब्रीदवाक्यं, सोनेरी रंगकाम सुरू केलं. प्रेक्षकांसमोरची वस्तू झाल्यावर तिने प्रेक्षकांकडे तोंड वळवलं.

या बदललेल्या ढालीचा सर्वांत विलक्षण नमुना माद्रिदच्या राजवाड्यातल्या शस्त्रागारात आहे. सोळाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत स्पेनचा राजा दुसरा फिलिप याच्यासाठी तो मेक्सिकोत तयार झाला. करणारे तिथले मूळ रहिवासी कारागीर, ज्यांना अमांतेका म्हणत. पक्ष्यांची पिसं, हमिंगबर्डसारख्या चकाकत्या पक्ष्यांचीही, एकावर एक चिकटवून चित्र उभं करण्याची त्यांची विद्या स्पॅनिश येण्याच्या कितीतरी आधीची. अझ्टेक योद्ध्यांच्या ढालीही ते पिसांनी सजवत. आता त्यांनी चामड्याच्या अदार्गावर पिसांची चार चित्रं केली. १२१२ मधली नावास दे तोलोसाची लढाई, जिथे अंदलुसच्या मुस्लिम सत्तेचा कणा मोडला. १४९२ ची ग्रॅनाडाची शरणागती. १५३५ ची ट्युनिसची मोहीम. आणि १५७१ ची लेपांतोची आरमारी लढाई, तुर्कांविरुद्धची. ढालीचा आकार मूरांचा, हात मेक्सिकोच्या जिंकलेल्या लोकांचे, आणि विषय मुस्लिमांवरचे चार विजय. तिच्याकडे पाहताना पिसांच्या रंगांनी मन प्रसन्न होतं आणि त्याच वेळी जड होतं. ज्यांनी ही ढाल घडवली आणि ज्यांच्याकडून तिचा आकार आला, त्या दोघांचाही पराभव तिच्यात आहे. तरी दोघांची कलाही तिच्यातच आहे.

मेक्सिकोच्या उत्तर सीमेवर, आजच्या टेक्सास-न्यू मेक्सिको-ॲरिझोनाच्या पट्ट्यात, अदार्गा पुन्हा एकदा खऱ्या लढाईत उतरली. युरोपात बंदुकीने तिला निकाली काढलं होतं, पण इथे समोर अपाची आणि कोमान्ची या तिथल्या मूळ रहिवासी टोळ्यांचे धनुर्धर होते, आणि बाणासमोर जाड कातडं अजूनही उत्तम काम करत होतं. कोमान्चींच्या स्वतःच्या ढालीही बायसनच्या कातड्याच्याच होत्या. स्पॅनिश ठाण्यांवरच्या घोडेस्वारांना ‘चामड्याच्या अंगरख्याचे सैनिक’ म्हणत, कारण ते हरणाच्या कातड्याचे अनेक थर शिवलेला लांब अंगरखा घालत. १७७२ मध्ये राजाने सीमेवरच्या ठाण्यांसाठी नियमावली काढली. त्यात सैनिकाने बाळगायच्या हत्यारांची यादी आहे. रुंद तलवार, भाला, बंदूक, पिस्तुलं आणि अदार्गा. तोवर ग्रॅनाडा पडून पावणेतीनशे वर्षं उलटली होती. सेव्हिलच्या इंडीज अभिलेखागारात १८०४ च्या सुमाराचं अशा सैनिकाचं एक रंगीत चित्र आहे. अंगात चामड्याचा अंगरखा, शेजारी घोडा, आणि हातातल्या अदार्गावर बाहेरच्या बाजूला स्पेनच्या राजाची चिन्हं रंगवलेली.